थोलच्या नावाचा घास

पितरांच्या पंधरवड्यात थोल पहाटेच्या गाडीने थायलंडहून सरहद्दीलगतच्या आपल्या गावी आला, तर आईच्या दाराला बाहेरून कडी. मनातून त्याला बरंच वाटलं. तिला तोंड दाखवायची हिंमत कुठे होती? मासेमारीच्या बोटीवर गेला तो गेलाच. आधी हाती काही लागलं नाही म्हणून कळवलं नाही. मग इतकी वर्षं कळवलं नाही याचीच लाज वाटून कळवलं नाही. असा हा शहाणा!

नाक्यावर लाव नावाचा मोटारसायकलवाला होता. गावात नवा, त्यामुळे त्याने थोलला ओळखलं नाही. थोलने आईचं नाव घेऊन विचारलं.

"सारोम आजी ना? वर देवळात गेली भात घेऊन. बसा दादा, घट्ट धरा. कड्यावरून पडलात तर उद्या तुमच्याही नावाने भाताचा घास टाकावा लागेल!"

"त्यांचं कोण गेलंय?"

"मुलगा. समुद्रात बुडाला बिचारा. आईवर फार जीव होता म्हणे."

थोलचे कान तापले. चढ संपताच तो उतरला.

वर फटफटायला लागलं होतं. उजेडात मेलेल्यांना येता येत नाही, म्हणून सगळ्यांची घाई. कड्याच्या टोकाशी लोक तिळाच्या भाताचे गोळे टाकत होते, आपापल्या माणसांना नावाने बोलावत होते. सारोम मात्र देवळाच्या दुसऱ्या अंगाला, थायलंडकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर एकटीच उभी होती.

"थोल, ये रे. जेवून जा."

पायऱ्यांच्या कडेच्या मोडक्या दगडी नागाच्या आड थोल थिजला. आल्या वाटेने पळावं असं त्याला वाटलं. मेलेला थोल किती चांगला होता! पण शेवटी पुढे होऊन त्याने तिच्या पायांशी माथा टेकला.

ती दचकली नाही. "केस पिकले की रे," म्हणाली.

"आई, तुला मी भूत नाही वाटलो?"

"तू जिवंत आहेस हे ठाऊक होतं मला. शेजारच्या फाल्लीने तुला तिकडे बाजारात पाहिलं होतं, बायकोबरोबर. हसत होतास म्हणे."

"मग हे सगळं?"

"लोक विचारायचे, मुलगा का येत नाही. धडधाकट असून येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू? मेलास म्हटल्यावर कुणी तुला नावं ठेवली नाहीत."

थोलला वर बघवेना. तिच्या हातात शेवटचा गोळा होता. तो तिने टाकला नाही, त्याच्यापुढे धरला.

"खा. तुझ्याच नावाचा आहे."