आक्काचं नाव

तंबाखूचा उग्र वास आला की मला निपाणीतली ती दुपार आठवते. कोरोनात दुबईला बहिणीचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला आक्का निघालेली. आक्का म्हणजे माझी आई. मामा तिला आक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही. गोव्याचं विमान रद्द झालं, तेव्हा मुंबईचं तिकीट काढून, विमानासाठी लागणाऱ्या बहात्तर तासांतल्या कोरोना चाचणीचा स्वॅब देऊन आम्ही गाडीनं निघालो. निपाणीत तंबाखूच्या वखारीपाशी मोबाइलवर रिपोर्ट आला. नावाच्या जागी नुसतं ‘आक्का’. पासपोर्टवरच्या नावाशी ते जुळत नव्हतं, म्हणजे विमानात घेणार नव्हते. स्वॅब घेणाऱ्या बाईंनी कन्नडमधून नाव विचारलं, तेव्हा मीच सवयीनं ते सांगितलं होतं. लॅबला फोन लावत राहिलो, कुणी उचलेना. नवा रिपोर्ट वेळेत मिळणार नव्हता. डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घट्ट धरून आक्का म्हणाली, “माझं नाव तुला ठाऊक न्हाय व्हय रं?” मी गाडी माघारी वळवली. ती दुबईला पोचली तेव्हा नात रांगत होती. आता कुठल्याही कचेरीच्या खिडकीपाशी मी आक्काचं पूर्ण नाव सांगतो, आणि ती शेजारी उभी राहून ऐकते, बरोबर सांगतोय का ते.