हळदीचे सात बनियन

हसणार नसाल तर सांगतो. छे, हसणारच तुम्ही! तो कप तेवढा आधी खाली ठेवा, नाहीतर चहा नाकातून यायचा.

लढाईचे दिवस होते. मी सांगलीच्या शाळेत मॅट्रिकला आणि बास्केटबॉलच्या संघाचा कप्तान. कप्तान म्हणजे काय समजलात? बॉल कुणी हातचा घालवायचा नाही, आणि मास्तर रागावले की पुढं मी व्हायचं!

दोन वर्षं मी साताऱ्याच्या स्पर्धेतून मान खाली घालून परत येत होतो. ही शेवटची संधी. यंदा साताऱ्याला हरवायचंच, नाहीतर शाळा सोडताना तोंड कुठं लपवू?

कापडाची टंचाई, रंगीत बनियन आणायचे कुठून? पण सांगलीत हळदीला काय तोटा? साधे सात बनियन हळदीच्या पाण्यात बुडवले आणि आम्ही झालो पिवळा संघ. साताऱ्याचा संघ लाल.

साताऱ्याला पोचलो. पहिला सामना जिंकलो, अंतिम सामना साताऱ्याशीच, दुसऱ्या दिवशी सकाळी. बनियन घामानं आणि मातीनं असे झालेले की भिंतीला टेकवले असते तर उभे राहिले असते! मी म्हटलं, पिवळेधमक बनियन घालूनच उतरायचं. तिन्हीसांजेला शाळेच्या हौदावर गेलो, साबणाची अख्खी वडी लावली. हौदात पाणी बेताचं, म्हणून खळबळण्याच्या भानगडीत पडलो नाही. अंधुक उजेडात तसेच वाळत घातले.

सकाळी बघतो तर सातही बनियन लालभडक!

माझं डोकंच फिरलं. कुणाचं काम असणार हे? सरळ होतं! आम्ही आपला समजून बॉल त्यांनाच द्यावा, म्हणून साताऱ्याच्या पोरांनी आमचे बनियन रंगवले!

बनियन घेऊन तसाच मैदानावर गेलो आणि त्यांच्या कप्तानाला, जाधवला, गाठलं. "चोरांनो! रंग लावता काय?"

"कसला रंग रं? सकाळी सकाळी भांग घेतलीस व्हय?"

पंच आले, मास्तर आले, बघ्यांचं कडं झालं. मी तर पेटलेलोच. "हात दाखवा सगळ्यांनी!" म्हणून साताऱ्याच्या पोरांना रांगेत उभं केलं. आणि काय सांगता! तिसऱ्याच पोराचे तळवे लाल!

"सापडला!" मी ओरडलो. "पंचसाहेब, बाद करा यांचा संघ!"

पोरगं रडकुंडीला आलं. "आवं, भनीच्या लग्नातली मेंदी हाय ती!"

एवढ्यात शाळेत पाणी भरणाऱ्या मावशी गर्दीतून पुढं आल्या. त्यांनी एक बनियन हातात घेतला, हुंगला आणि मला विचारलं, "हळदीचं न्हवं ह्ये? कशानं धुतलंस रं लेकरा?"

"साबणानं! चांगला घासून!" मी छाती काढून म्हणालो.

"आरं माज्या कर्मा! हळदीला साबण लागला की ती लालच व्हती! बायकांच्या रोजच्या धुण्यातलं हाय ह्ये. कुठल्या गावचा रं तू?"

आता काय सांगणार? हळदीच्या बाजारपेठेतून आलोय म्हणून?

"सांगलीचा," मी पुटपुटलो. असा हशा उठला की मला वाटलं, हौदातच उडी घ्यावी. पण तिथं तेवढं पाणीही नव्हतं!

पंचांनी शिट्टी वाजवली. खोटा आळ घेतला म्हणून मला सामन्यातून काढलं. मी जाधवची हात जोडून माफी मागितली. तो गडी दिलदार. हसू आवरत म्हणाला, "जाऊ दे रं गड्या. तुमी घाला लाल, आमी उगडं खेळतो."

माझ्या जागी कुंडलचा बापू उतरला. तोवर बिचाऱ्यानं तीन वर्षं फक्त आमच्या चपला सांभाळल्या होत्या. मी रेघेबाहेर मावशींच्या घागरीशेजारी बसलो. डोळे पुसत बघत होतो. बापूनं एक बॉल जाळीत टाकला, दुसरा टाकला... आणि आम्ही साताऱ्याला चांगलं दहा गुणांनी हरवलं की हो!

मी उड्या मारत मास्तरांना मिठीच मारली. "सर, जिंकलो! दोन वर्षांनी जिंकलो!"

मास्तरांनी एकदा बापूकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हो रे. आणि दोन वर्षं आपण का हरत होतो, तेही आज कळलं."