ईशानच्या उलट्या आणि माझी वही

चि. ईशान आणि चि. रेवा,

ईशान, तू तीन महिन्यांचा असताना तुझ्या पाठीवर उपचार करायला आम्ही तुला नांदेडहून लातूरला नेलं, आणि उपचार माझ्या पाठीवर झाले.

हे आत्ता लिहायचं कारण असं, की मागच्या रविवारी तुमच्या आईने व्हिडिओ कॉलवर ही गोष्ट सांगितली आणि तुम्ही दोघं इतके लोळून हसलात, की मला बराच वेळ फक्त तुमच्या खोलीचं छत दिसत होतं. तिच्या सांगण्यात दोन चुका होत्या. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आहे. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. पहिली चूक: मी किंचाळले, असं ती म्हणाली. मी किंचाळले नाही. मी फक्त "अगं आई गं" म्हणाले. (तेही एकदाच.) दुसरी चूक शेवटी सांगते.

तर, मंजिरी, म्हणजे तुमची आई, तुला घेऊन माहेरी आमच्याकडे होती. तू गुटगुटीत, हसरा, आणि दिवसातून सात-आठ वेळा प्यायलेलं दूध परत करणारा. आजोबांचा सदरा, माझी साडी, सोफ्याच्या उशा, काही म्हणून तू सोडलं नाहीस. एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत मजल गेली. (त्या महिन्याची एकादशी मला शेवटपर्यंत वाचता आली नाही.)

नांदेडच्या बाळांच्या डॉक्टरांनी तुला तपासलं, वजन केलं आणि म्हणाले, "वजन छान वाढतंय, खेळतोय, काळजी करू नका. बऱ्याच बाळांना असं होतं, मोठं होता होता थांबतं. पाजल्यावर अर्धा तास उभं धरा, बास."

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खाली लाल रेघ मारली.

या वहीविषयी सांगायला हवं. दोनशे पानी, आखीव, चार रकाने: वेळ, काय घडलं, उलटी, शेरा. शेऱ्यात मी 'बेताची', 'भरपूर' आणि 'आजोबांवर' असे तीन प्रकार ठेवले होते. तुझं वेळापत्रकही मीच केलं होतं आणि फ्रिजवर चिकटवलं होतं. सगळ्या घराला ते पाळावं लागे. तू सोडून सगळे पाळायचे.

पण उलट्या काही थांबेनात. शेजारणी येऊन तुला बघायच्या आणि जाता जाता म्हणायच्या, "आईचं दूध बाधून राहिलं लेकराला." मी शिकलेली बाई. मी हे हसून सोडून द्यायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवसापासून मंजिरीचा लसूण बंद केला. मग मिरची. मग वरण, शेंगदाणे, भाज्या. शेवटी तिच्या ताटात मऊ भात आणि तूप एवढंच उरलं.

एका दुपारी ती तुला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, माझं दूधच वाईट आहे का गं? अंगावरचं बंद करून टाकू का? मला सांग, मी आजच बंद करते."

तिचे डोळे भरले होते. पंधरा दिवसांनी तिला तुला घेऊन विमानात बसायचं होतं. मी वही उघडली. वहीत मला उत्तर दिसलं नाही. (ते तिथेच होतं. पण ते पुढे.)

मग मंजिरीला मोबाइलवर सापडलं, की परदेशात कायरोप्रॅक्टर नावाचे पाठीचे डॉक्टर असतात, ते बाळाच्या मणक्यांवर अलगद बोटं फिरवतात आणि उलट्या कमी होतात. तसे एक लातूरला असल्याचंही कळलं. आजोबांची थोरली बहीण, आपल्या शिरूर अनंतपाळच्या आक्का, फोनवर मला म्हणाल्या, "पाठीचं काय न्हाई गं. पाजल्यावर लेकराला हालवू-डुलवू नको, पालथं घालू नको. निवांत खांद्याला धर."

"आक्का, हे शास्त्र आहे," मी म्हणाले.

"हाव, असंल बाई. मी बी येते मग लातूरला. शास्त्र बघते."

असे आम्ही तीन तास गाडीत बसून लातूरला पोचलो. (तीन उलट्या. दोन आजोबांवर.) आक्का आधीच एसटीने येऊन दवाखान्यातल्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. डॉक्टर तरुण होते. त्यांच्या मागे प्लॅस्टिकचा अख्खा मणका टांगलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"आजी, एवढ्या लहान बाळाच्या पाठीला मी हात लावत नाही. त्याने उलट्या थांबतात याला धड पुरावा नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच करा."

मला राग आला. "निदान नोंदी तरी बघा," म्हणत मी वही त्यांच्यापुढे सरकवली.

ते मोठ्याने वाचायला लागले. "साडेसात, दूध. सात चाळीस, मालिश. सात बेचाळीस, उलटी, भरपूर." पान उलटलं. "साडेसात, दूध. सात चाळीस, मालिश. सात त्रेचाळीस, उलटी." आणखी एक पान. "अकरा, दूध. अकरा पाच, आजोबांनी हवेत उचलून विमान केलं. अकरा सहा, उलटी. आजोबांवर." त्यांनी वर बघितलं. "पोट भरल्यावर लगेच मालिश?"

"भरल्या पोटी बाळ रडत नाही," मी म्हणाले. "आणि वेळापत्रकात ती तिथेच बसते."

"विमान कोण करतं?"

आजोबा टांगलेल्या मणक्याकडे बघू लागले. (ते विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीला होते. काठोकाठ भरलेलं काही हलवू नये, हे त्यांना तरी माहीत असायला हवं होतं.)

डॉक्टरांना पहिल्या पानावरची लाल रेघ दिसली. "पाजल्यावर अर्धा तास उभं धरा. हे केलं का?"

"वेळापत्रकात अर्धा तास रिकामा नव्हता," मी म्हणाले.

बाकावरून आक्कांचा आवाज आला, "मी फोनवर दुसरं काय सांगून राहिले होते?"

मंजिरीने हळूच विचारलं, "म्हणजे माझं दूध..."

"तुमच्या दुधाला काही झालेलं नाही, ताई. जेवता काय?"

"मऊ भात."

"आणि?"

"तूप."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. शाळेत मी मुलांकडे असं बघत असे. मला ते सोसेना. "माझी मालिश अगदी हलकी असते," मी म्हणाले, "दाखवते." मी तिथेच फरशीवर पाय लांब करून बसले, त्यांची उशी नडग्यांवर पालथी घातली, दोन्ही हातांनी तिच्या पाठीवरून खाली निघाले, आणि माझ्या कमरेत कट्‌कन आवाज झाला. मघाशी सांगितलं ते "अगं आई गं" हेच.

"हलू नका," डॉक्टर म्हणाले. "आता पेशंट तुम्ही."

डॉक्टर आणि आजोबा, दोघांनी मला उचलून टेबलावर पालथं घातलं. टेबलाला चेहऱ्यासाठी एक भोक होतं, त्यातून मला फक्त आक्कांचे पाय दिसत होते. आक्कांनी डबा सोडला. लसणाची चटणी, धपाटे. मंजिरीने महिन्याभराची भूक तिथेच भागवली. तिला चौथा धपाटा मागताना मी ऐकलं. मग तिने तुला पाजलं. मला मालिश करता येत नव्हती आणि आजोबांना विमान करायचा धीर नव्हता, म्हणून त्यांनी तुला खांद्यावर उभं धरलं आणि घड्याळ बघत बसले. अर्धा तास. काहीही आलं नाही.

"बघ, थांबलं का न्हाई," आक्का म्हणाल्या.

मी भोकातून सांगितलं, "कुणीतरी वहीत लिहा."

मंजिरीने लिहिलं. ती हसत होती, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. कितीतरी दिवसांनी हसत होती.

पुढेही तू अधूनमधून दूध काढायचास, पण दात येईपर्यंत तेही थांबलं. तुझ्या आईने तुला वर्षभर अंगावर पाजलं, रोज लसूण खाऊन.

आता दुसरी चूक. ती वही हरवली, असं तुमची आई म्हणाली. हरवलेली नाही. ती माझ्या कपाटात आहे, लातूरहून आणलेल्या कमरेच्या पट्ट्याखाली. शेवटची नोंद तिच्याच अक्षरात आहे: "पाऊण वाजता, धपाटे. एक, दूध. दीड, उलटी: नाही. शेरा: आई पालथी." मी ती लाल पेन घेऊन तीनदा तपासली. एकही चूक नाही.