जवायाच्या गाडीतला तेलाचा डबा

चिखलीच्या एका गाडी-सजावटीच्या दुकानदाराने माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला फसवलं, आणि तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

सायकलवरून जुनी पोती विकता विकता मी स्वतःच्या दुकानापर्यंत आलो. भाव करण्यात मला कोणी हरवत नाही असा माझा समज. हे जवाई, म्हणजे बहिणीचे यजमान, लोणारकडच्या बीबी गावात राहतात. जुन्या, साध्या कारने रोज चार शिक्षिकांना लोणारच्या शाळेत सोडायचे. घर त्यावरच चालायचं. आम्ही सीटकव्हर घ्यायला गेलो, तर दुकानदाराने एक चकचकीत डबा पुढे केला.

"इंजिनाच्या वाफेत तेल असते, ते हा पकडते. हा नाही लावला तर इंजिन खलास!"

जवाई घाबरले. मी लगेच भावावर आलो. "काऊन बे, सोनं भरलं काय याच्यात?"

"शेठ, तुमच्यासारखे चार गिऱ्हाईक आले तर मले शटर पाडा लागते."

डबा अर्ध्या किमतीत घेतला आणि तिथेच इंजिनाला बसवून घेतला. स्टँडवर चहा पिताना ती फुशारकी मी दोनदा मारली. डबा लागतो कशाला, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

"भरला की रिकामा करा," एवढंच दुकानदाराने सांगितलं होतं. कुठे, ते नाही. जवाई तळणाचं तेलसुद्धा गाळून ठेवणाऱ्या घरातले. डब्यात साचलेलं, पाणी मिसळून दुधाळ झालेलं तेल ते वर्षभर फडक्यातून गाळून परत इंजिनातच ओतत राहिले.

एक दिवस लोणारच्या रस्त्यावर तेलाचा लाल दिवा लागला आणि इंजिन खडखडू लागलं. मिस्त्रीने खालचा भाग उघडला. आत सगळा चिकट गाळ, परत ओतलेल्या त्या दुधाळ तेलाचा.

"ते वाफ परत जाळाची सोय कंपनीनंच केली असते," मिस्त्री म्हणाला. "ताकद वाढवलेल्या इंजिनाले असा डबा ठीक आहे. तुम्ही काय शर्यतीत पळवता काय गाडी?"

"चांगलं तेल फेकाचं कसं, म्हणून..." जवाई पुटपुटले.

दुसरा कोणी असता तर मी तिथेच सोलून काढला असता. पण आमच्यात बहिणीच्या नवऱ्याला उलटा शब्द बोलत नाहीत. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आलाच नाही. मान खाली घालून ते बोटांचं काळं पुसत होते.

"भाऊ, मास्तरीणबाईंनी दुसरी गाडी लावली," एवढंच म्हणाले.

मी डबा घेऊन चिखलीला गेलो. दुकानदार म्हणाला, "शेठ, भाव तर तुम्हीच केला होता."

मी त्याला म्हणालो, हो, केला. त्याबद्दल बहिणीसमोर मी उभा राहीन. पण साध्या गाडीला हा डबा कशासाठी लावला, हे तू सांगायचं. मला नाही. बीबीला ये, बंद गाडीजवळ उभा राहा आणि माझ्या जवायाच्या तोंडावर सांग.