जीपमधली पुढची जागा

खिल्लारे मॅडम गेल्याची बातमी मला जीपवाल्या दत्तरावांनी दिली. सकाळी नेहमीसारखी मी हिंगोलीच्या नाक्यावर सेनगावच्या जीपची वाट बघत उभी होते. जीप थांबली आणि दत्तराव स्वतःच खाली उतरले. "मॅडम गेल्या, बाई. पहाटं... झोपेतच." एवढं बोलून ते टायरकडे बघत राहिले. मी मागे जाऊन बसले. पुढची, खिडकीजवळची जागा मॅडमची. मागे माणसं दाटीवाटीने कोंबलेली होती, तरी त्या दिवशी ती जागा सेनगावपर्यंत रिकामी गेली. पुढेही कितीतरी दिवस दत्तरावांनी तिथे कुणाला बसू दिलं नाही.

आम्ही दोघी सेनगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचो. मी मराठी, त्या रसायनशास्त्र. मला सतत बोलायला लागतं आणि त्यांना ऐकायला आवडायचं, म्हणून आमचं जमलं. तीनेक वर्षांपूर्वी हिंगोलीच्या पदवी महाविद्यालयाने एक योजना आणली. अकरावी-बारावीच्या मुलांनी माती परीक्षणाचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण केला की त्याची क्रेडिट त्यांच्या खात्यावर जमा होणार आणि पुढे पदवीला गेल्यावर तेवढा अभ्यास झालेला धरणार. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी जांभया दिल्या. बारावीचंच ओझं पोरांना पेलत नाही, त्यात हे लोढणं कशाला, असं मी म्हणाले. मॅडम चहा संपवत म्हणाल्या, "आपल्या पोरी बारावीच्या उंबऱ्यावरच अडतात, बाई. एक पाय आधीच आत टाकलेला असला तर?"

मग शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी राहू लागली. माती प्रत्येकाने आपल्या शेतातली आणायची. ज्यांना शेत नव्हतं त्या पोरी संकोचल्या, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "दारातली आणा. ती बी मातीच हाय." काचेच्या ग्लासात माती आणि पाणी ढवळून ठेवायचं, की वाळू खाली बसते आणि चिकणमाती सावकाश वर थर धरते. पोरी घाई करून ग्लास उचलायच्या. "हलवू नको गं... बसू दे तिला," हे वाक्य तर मला माझ्या वर्गात भिंतीपलीकडून ऐकू यायचं. तपासायच्या पुड्या मॅडमच्या पिशवीत असायच्या आणि त्यातली निम्मी माती जीपमध्ये सांडायची. दत्तराव कुरकुरत झाडून काढायचे.

त्या पोरींत दत्तरावांची वैशाली होती. पोरगी रोज आपल्याच जीपमधून जावी, नजरेसमोर राहावी म्हणून त्यांनी तिला हिंगोली सोडून सेनगावला घातलं होतं. बारावी झाली की बस, हे त्यांचं ठरलेलं. दिवाळीनंतर अभ्यासक्रमाचा निकाल लागला, तेव्हा मॅडमनी भरल्या जीपमध्ये मोठ्याने सांगितलं, "दत्तराव, तुमची वैशाली कॉलेजची परीक्षा पास झाली. बारावीच्या आधीच!" सगळे प्रवासी पेढ्यासाठी मागे लागले. दत्तरावांनी लाजत सेनगावच्या स्टँडवर जीप थांबवली आणि अख्ख्या जीपला पेढे वाटले.

उन्हाळ्यात बारावी संपली आणि दत्तराव म्हणाले, "आता पुढं शिकायचं काहून? घरी तकलीफ हाय."

मॅडम खिडकीबाहेर बघतच बोलल्या, "मग पेढे कशाचे वाटले? सुरू झालेलं कॉलेज मधूनच सोडायचं व्हय?"

मागून एक म्हातारे ओरडले, "बराबर हाय मॅडमचं! आमी खाल्ले न्हाईत का पेढे?" जीपभर हशा पिकला. दत्तरावांनी उगाच हॉर्न वाजवला. जूनमध्ये वैशालीने हिंगोलीला बीएस्सीला प्रवेश घेतला. निकाल भरल्या जीपमध्ये का सांगितला, हे मला तेव्हा कुठे कळलं. शांत बाई, पण भारी पक्की!

मॅडम गेल्या आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं. हिंगोलीच्या त्या महाविद्यालयाचे सर ऑनलाइन तास घ्यायला तयार होते, पण मातीत हात घालून प्रयोग करून घेणार कोण? अकरावीच्या पोरी मला विचारायच्या, "बाई, आमचं आता बंद का?" मी मराठीची बाई, काय सांगणार? जीपमध्ये मी रोज तेच बडबडत राहिले. दत्तराव नुसतं ऐकून घ्यायचे.

गेल्या शनिवारी नाक्यावर जीप आली, तेव्हा माझ्या शेजारी वैशाली उभी होती, हातात मातीची पुडी घेऊन. "सेनगावच्या प्राचार्यांना विचारलंय, बाई, ते हो म्हणाले. शनिवारी मला सुट्टी असते. प्रयोग मी करून घेते," ती म्हणाली आणि मागे चढायला वळली.

"मागं कुठं चालली?" दत्तरावांनी खांद्यावरच्या रुमालाने पुढची जागा पुसली. "हितं बस."

ती बसली. खड्ड्यात जीप आदळली आणि पुडीतली थोडी माती खाली सांडली. दत्तरावांनी बघितलं, पण कुरकुर केली नाही. मला मॅडमची अशी काही आठवण आली की सेनगाव येईपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही.