कुंकू शिंपडलेला पांढरा पडदा

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. उलट भुतं तयार करणाऱ्यांतली आहे. हसू नका... खरंच. मागे धूसर बाई उभी आहे, बसलेल्या माणसाच्या पोटातून खुर्ची दिसते आहे, डोक्याशी उजेडाचा गोळा आहे — असले फोटो लोक घाबरत घाबरत माझ्याकडे आणायचे. मी बघून सांगायचे, की एकाच काचेच्या प्लेटवर दोनदा फोटो घेतलाय, किंवा माणूस मधेच उठून गेलाय, किंवा कॅमेऱ्याच्या भात्याला भोक पडलंय. एका शिमग्याला तर मी आमच्या सासूबाईंना एकाच फोटोत त्यांच्याच शेजारी बसवलं होतं. त्यानंतर बरेच दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

तर फोटोत नसलेलं काही आलं, तर त्याची कारणं मी झोपेतसुद्धा सांगेन. पण जे समोर ढळढळीत होतं, आम्ही तिघांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं, ते फोटोत आलंच नाही... याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. म्हणून लिहिते आहे. कुणाला सुचलं तर कळवा. पण शेवटपर्यंत वाचून मग कळवा, कारण पहिली तीन कारणं आमची शोधून आणि तपासून झाली आहेत.

१९३६-३७च्या सुमाराची गोष्ट. बारामतीत कापडाच्या दुकानांच्या रांगेत, एका माडीवर आमचा स्टुडिओ होता. उत्तरेकडचं अर्धं छप्पर काचेचं. माडीवर वीज आलेली नव्हती, सगळं काम उन्हाच्या भरवशावर. हे, म्हणजे आमचे यजमान, पुरुषांचे फोटो काढायचे आणि मी बायकांचे. परक्या पुरुषानं ‘हनुवटी जरा वर करा’ म्हणणं तेव्हा कुणाला खपत नसे. म्हणून ह्यांनी मला शिकवलं, आणि वर्षभरात मी ह्यांच्यापेक्षा बरे फोटो काढायला लागले. हे माझं मत नाही, गिऱ्हाइकांचं आहे. ह्यांचं मत विचारायच्या भानगडीत मी कधी पडले नाही.

त्या दिवशी हे वालचंदनगरला कारखान्याच्या स्टाफचा ग्रुप काढायला गेले होते. जाताना मोठा कॅमेरा आणि सगळ्या प्लेटा घेऊन गेले. माझ्यापाशी छोटा कॅमेरा आणि तळाशी राहिलेली एकुलती एक प्लेट. ‘आज कोण येतंय’ म्हणाले जाताना.

दुपारी जिना वाजला. वरकुटे गावचे तात्या आले. वांगी, मिरच्या, दोडके घेऊन बाजाराला यायचे, त्यामुळे तोंडओळख होती. बरोबर त्यांची मुलगी वत्सला, सतरा-अठराची, सडसडीत, आणि तात्यांची थोरली बहीण. ती माहेरपणाला आलेली, कपाळभर कुंकू, आवाज अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असा. तिला मी आत्याबाई म्हणू लागले.

"वयनी, ह्यो फोटू माघारी आला बगा," तात्यांनी पिशवीतून फोटो काढून माझ्या हातात दिला.

बघितला आणि मला हसू आवरेना. इंदापूरच्या जत्रेत काढलेला. पाठीमागे रंगवलेला राजवाडा, तळ्यात हंस, आणि पुढं पुठ्ठ्याच्या मोटारीत चाक धरून बसलेली वत्सला. हा फोटो तिनं पुण्याच्या एका बायकांच्या इस्पितळात नर्सिंगच्या अर्जाबरोबर पाठवला होता. तिथल्या मेट्रनबाईंनी अर्जासकट परत धाडला. म्हणे आम्हाला मुलगी बघायची आहे, राजवाडा नको. मागे निव्वळ पांढरं हवं, सावली पडलेली नको, आणि रंग भरून, हात फिरवून सजवलेला फोटो तर मुळीच नको.

"कधीपर्यंत पोचायला हवा अर्ज?" मी विचारलं.

"आजच्या गाडीनं दौंडाकडं निघाला तर पोचतूय," तात्या म्हणाले. "न्हाय पोचला तर इंदापूरच्या पावण्यांना होकार धाडायचा. त्येंनी तरी किती दिस थांबायचं?"

"सोन्यासारखं स्थळ हाय," आत्याबाई म्हणाल्या. ते स्थळ त्यांनीच आणलेलं होतं.

मी वत्सलाकडं बघितलं. "तुला काय हवंय गं?"

ती इतका वेळ भिंतीवरचे फोटो न्याहाळत होती. "मला शिकायचंय," म्हणाली. "इंदापूरच्या दवाखान्यात येक नर्सबाई बगितली मी. ती निस्ती ‘व्हा भाईर’ म्हनली की समदे दादले भाईर हुत्यात."

मला ती पोर तिथंच आवडली. म्हटलं, हिचा फोटो आजच निघणार, आणि असा निघणार की मेट्रनबाईंना नाव ठेवायला जागा राहायची नाही.

आता पांढरी पार्श्वभूमी म्हणजे पांढरं कापड टांगलं की झालं, असं लोकांना वाटतं. तसं केलं तर कापड फोटोत राखेसारखं येतं आणि त्यावर माणसाची सावली बसते. पडद्याला त्याचा स्वतःचा उजेड द्यावा लागतो, माणसाला दिलेल्या उजेडाहून जास्त. मी गाद्यांच्या खोळींसाठी आणलेलं डबल पन्ह्याचं नवं कापड काढलं. जोड नाही, किनार नाही, धुऊन नीळ दिलेलं, कारण निळीची झाक प्लेटवर आणखी पांढरी दिसते. ओलसर करून इस्त्री फिरवली आणि बांबूवर ताणून टांगलं. वत्सलाची खुर्ची पडद्यापासून चांगली लांब, खोलीच्या मध्यावर ठेवली, म्हणजे तिची सावली जमिनीवरच पडेल. गच्चीच्या दाराशी दोन मोठे आरसे. बाहेरचं ऊन त्यांच्यावर घेऊन दोन्ही बाजूंनी पडद्यावर फेकायचं. तिच्या चेहऱ्याला वरच्या काचेतला मऊ उजेड, आणि सावलीतल्या गालाला उजाळा देण्यासाठी शेजारी पांढरा कागद चिकटवलेली फळी. सगळं जमल्यावर मी कॅमेऱ्यामागून पाहिलं तर पडदा नुसता लखलखत होता.

आत्याबाईंचा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. "वयनी, पांढऱ्याम्होरं कुणाला बसवत्यात, ठावं हाय न्हवं?"

मला ठाऊक होतं. त्या काळी माणूस गेलं आणि त्याचा फोटो कधी काढलेलाच नसला, तर त्याला खुर्चीत बसवून, मागे पांढरी चादर धरून शेवटचा फोटो काढत. आम्हीही काढलेत.

"माझ्या सासूचा तसाच काडलाय," त्या म्हणाल्या. "आन् ही तर कुवार पोर. त्यात कापड नवं कोरं."

"आत्याबाई, ही पोर धडधाकट आहे. मी अशीच बोलत बसले तर माझा उजेड तेवढा जाईल," असं म्हणून मी प्लेट भरायला डार्करूममध्ये गेले. जरा उर्मट बोलले, पण समोरच्या इमारतीवर ऊन कलायला लागलं होतं.

बाहेर आले आणि दारातच थबकले. आत्याबाईंनी कनवटीची हळद-कुंकवाची डबी उघडली होती. नव्या कापडाला कुंकवाचं बोट लावल्याशिवाय ते वापरायचं नाही, ही आपल्याकडची रीत. कोपऱ्यात एक बोट लावलं असतं तर मीही काही बोलले नसते. पण त्यांना एका बोटानं धीर येईना. हळद-कुंकू तांब्यातल्या पाण्यात कालवून त्यांनी ते सबंध पडद्यावर शिंपडलं होतं. वरपासून खालपर्यंत तांबडे-पिवळे शिंतोडे, जणू कापडाला गोवर आलेला. उरलेलं कुंकू वत्सलाच्या कपाळावर नव्यानं ठसठशीत लावलेलं.

"आता कसं शकुनाचं झालं," त्या म्हणाल्या.

एक सांगायला हवं. त्या काळच्या साध्या प्लेटला तांबडं दिसत नाही आणि पिवळंही जेमतेमच दिसतं. म्हणून तर डार्करूममध्ये तांबडा दिवा चालतो. तांबडं कुंकू फोटोत काळंकुट्ट येतं. म्हणजे मेट्रनबाईंना पांढरी पार्श्वभूमी मिळणार ती काळ्या ठिपक्यांची. एरवी निगेटिव्हवर ब्रश फिरवून ठिपके बुजवता येतात. पण ते केसांच्या कडेला आले की डोकं कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसतं, आणि हात फिरवलेला फोटो तर चालणारच नव्हता.

मी ओला फडका घेऊन पुसायला गेले तर हळद आणखी पसरली. उलटी बाजू पाहिली, तिथंही उतरलेली. नुसती भिंत वापरावी तर तिच्या चुन्याचे पोपडे निघालेले. खालून नवं कापड आणावं तर त्याची खळ काढून, वाळवून, इस्त्री करेपर्यंत ऊन कुठलं थांबायला. मी तात्यांना सगळं सांगितलं. ते भिंतीला टेकून खाली बसले. आत्याबाईंचा चेहरा उतरला.

"म्या पोरीचं वाईट चितलं न्हाय वो," त्या हळूच म्हणाल्या.

वत्सला खुर्चीवरून उठली नव्हती. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "तुमी काडा," म्हणाली. "जसा यील तसा यील. मी हालणार न्हाय."

मग मलाही चेव चढला. म्हटलं ठीक आहे, काढायचा तर पूर्ण तयारीनं काढायचा. तात्यांना उठवून एका आरशाशी उभं केलं. आत्याबाईंना म्हटलं, "डाग तुमचे आहेत, तेव्हा दुसरा आरसा तुम्ही धरायचा." त्यांनी मुकाट्यानं पदर खोचला आणि आरसा धरला. दोन्हीकडून ऊन पडद्यावर आदळलं. उजेडात शिंतोडे तर जास्तच उठून दिसायला लागले. तात्यांनाही दिसत होते, आत्याबाईंनाही दिसत होते. मी लेन्सचं झाकण काढलं, मनात आकडे मोजले, आणि त्या सगळ्या वेळात माझी नजर पडद्यावर होती. शिंतोडे जागच्या जागी होते. झाकण लावलं.

डार्करूममध्ये प्लेट ट्रेमध्ये टाकली. निगेटिव्हवर सगळं उलटं येतं, पांढरं ते काळं आणि काळं ते काचेसारखं स्वच्छ. पार्श्वभूमी काळी होऊ लागली. आता त्यात स्वच्छ ठिपके उमटतील म्हणून मी वाट बघत राहिले... काळं आणखी दाट झालं, डांबरासारखं सलग. ठिपका नाही. ट्रे हलवला, प्लेट उचलून दिव्याशी धरली, तिरकी केली. एकही नाही. केसांच्या कडेला नाही, कानाशी नाही, कोपऱ्यात नाही. आणि कपाळावर मात्र कुंकवाचा गोल आरपार स्वच्छ, अगदी हवा तसा. डबी तीच, कुंकू तेच, हात तोच. कपाळावरचं आलं आणि पडद्यावरचं आलं नाही.

मी प्लेट रसायनात पक्की केली, पाण्यात ठेवली आणि बाहेर पळाले. पडदा टांगलेला होता, गोवर आलेला, जशाचा तसा.

काय झालं म्हणून तात्यांनी विचारलं तर मला धड सांगता येईना. नुसती हसत होते. मग प्लेट स्पिरिटनं वाळवली आणि कंदिलासमोर कागदावर छाप काढला. पांढरंशुभ्र, सावलीचा मागमूस नाही, आणि त्यात वत्सला, मान ताठ, नजर सरळ. इतका स्वच्छ फोटो मी तोवर काढला नव्हता, ह्यांनीही नाही, आणि पुण्याच्या बड्या स्टुडिओंतही मी पाहिला नव्हता. आनंदानं मी आत्याबाईंना मिठी मारली. त्यांना ते जरा जास्तच झालं असावं. तात्या फोटो अर्जाला टाचून स्टेशनकडे अक्षरशः धावत सुटले. दौंडची गाडी सुटायच्या आत टपाल पडलं.

हे परत आल्यावर मी सगळं सांगितलं. आधी म्हणाले, शिंतोडे नंतर पडले असतील. म्हटलं, तिघांनी पाहिलंय. मग म्हणाले, उजेड जास्त झाला, त्यात ठिपके बुडाले. म्हटलं, बघा करून. तोच पडदा, तेच आरसे, तसंच ऊन, तसल्याच प्लेटा. दरवेळी ठिपके काळेभोर. कुंकू ओलं होतं म्हणून चमकलं असेल, असं वाटून ते ओलं करूनही पाहिलं. काळेभोरच. एक दिवस ह्यांनी कॅमेऱ्यावर कापड टाकलं आणि म्हणाले, "तुझा फोटो चांगला आलाय, एवढं खरं." ह्यांच्या तोंडून ते ऐकायला मला लग्नानंतर इतकी वर्षं लागली होती.

वत्सलाला प्रवेश मिळाला. मेट्रनबाईंनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, फोटो पुण्यात कुठं काढलास? ती म्हणाली, बारामतीला, एका बाईंनी काढला. तिला पुण्याच्या गाडीत बसवायला तात्या आले होते तेव्हा स्टेशनवरच्या हमालापासून तिकीट मास्तरपर्यंत प्रत्येकाला सांगत होते, "माजी पोर हाय, पुन्याला चाललीया शिकायला." आत्याबाई त्यानंतर पंचक्रोशीत सांगत फिरल्या, की हे सगळं त्यांच्या हळदी-कुंकवानं झालं. मी म्हणते, माझ्या लाइटिंगनं झालं. दोघींनाही ते सिद्ध करता आलेलं नाही.

शिकून ती इंदापूरच्या दवाखान्यात आली. माझा धाकटा तिच्याच हातांत जन्मला. बाळंतपण अवघड होतं, पण ती सबंध वेळ जागची हलली नाही. सगळं पार पडल्यावर मी तिला विचारलं, "वत्सला, त्या दिवशी पडद्याचं काय झालं असेल गं? मला अजून उलगडा होत नाही."

"मला काय ठावं, बाई?" ती म्हणाली. "पडदा पाठीमागं हुता. मी म्होरं बगत हुते." आणि ती बाळाचं अंग पुसायला वळली.