नमुना नसलेला सुतार

घाटंजीतल्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कापूस गिरणीत, चित्रकारांना, मूर्तिकारांना जागा द्या, गावात जीव येईल, असे अर्ज मीच लिहिले होते. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झालो, हाताला दुसरा उद्योग नव्हता. अर्ज मंजूर झाला. पत्रे बदलले, भिंती पांढऱ्या झाल्या. जागा कुणाला द्यायची हे ठरवायला तिघांची समिती नेमली, त्यातला एक मी.

त्या जिनिंगमध्ये आधीपासून एक सुतार बसत असे. गिरणी चालू असताना तो तिथलं लाकूडकाम बघायचा. ती बंद झाल्यावर मालकाच्या तोंडी परवानगीने त्याने एक कोपरा धरला आणि तान्ह्या पोळ्याचे बैल घडवायला लागला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार ओढत नेतात. गावातले निम्मे बैल त्याच्याच हातचे.

त्यानेही अर्ज केला. नियम असा की प्रत्येकाने आपल्या कामाचे पाच नमुने आणावेत. हा रिकाम्या हाताने आला.

"नमुना कुठून आणू सर? पोळ्याच्या आत सारे बैल देऊन टाकतो मी. ज्याची पूजा नाही झाली तो बैल उपाशी राह्यते, म्हणे माहा बाप. घरात एकबी ठेवत नाही आमी."

शहरातून आलेले दोघे सदस्य हसले. त्यातला एक म्हणाला, कारागीर आणि कलावंत यांत फरक करावाच लागेल. मी म्हणायला हवं होतं की, साहेब, गावातल्या कुठल्याही घरात शिरा आणि कपाटावर बघा. पण वही न आणणाऱ्या पोराला मी आयुष्यभर मार्क दिले नव्हते. नियम म्हणजे नियम, असं मनाशी म्हणालो आणि त्याच्या नकारावर सही केली.

उद्घाटनाला पाहुणे म्हणाले, या मृत वास्तूत आपण प्राण फुंकले. माझं डोकंच फिरलं. मेली कधी होती ती? पोळ्याआधीचे दोन महिने त्या कोपऱ्यातून रोज करवतीचा आवाज यायचा, सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. पण गिरणीत माणूस आहे हे मान्य केलं तर ती जिवंत केल्याचं श्रेय कसं घेणार?

चांगलंही झालं, ते नाकारत नाही. राळेगावहून एसटीने मुली मातीकाम शिकायला येतात. ज्या रस्त्याने संध्याकाळी कुत्रं फिरकत नव्हतं तिथे आता चहाच्या दोन टपऱ्या आहेत. मला हेच हवं होतं. म्हणून तर जास्त चीड येते, कारण आतल्या दोन खोल्या अजून रिकाम्या आहेत. त्याचा कोपरा त्याला राहू दिला असता तर कुणाचं काय गेलं असतं?

गेल्या महिन्यात तिथे प्रदर्शन लागलं. मधोमध तारेने टांगलेला लाकडी बैल, खाली पाटी: 'लोककला. कलाकार अज्ञात.' मान वळवण्याची ती तऱ्हा मी डोळे मिटून ओळखली असती. अज्ञात म्हणे. त्याचं घर तिथून दोन गल्ल्या सोडून आहे.

मी तसाच रागारागाने त्याच्याकडे गेलो. अंगणात तो कुणाच्या तरी दाराची चौकट रंध्याने तासत होता. यंदा बैल केलेच नव्हते. उघड्या उन्हात लाकूड तडकतं. मी समितीला, पाहुण्यांना, पाटी लिहिणाऱ्याला मनसोक्त शिव्या दिल्या. त्याने रंधा थांबवला नाही. माझं बोलून झाल्यावर म्हणाला,

"त्याइचा राग कायले करता सर? ते तं मले वळखत नव्हते. तुमी वळखत होते."